घरी बसून विड्या वळणाऱ्या आजीला पीएफ होता : परदेशातल्या मराठी उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत, सिंगापूरला कंपनी थाटून तिथून नाशिक-पुणे-कोल्हापूरच्या मुलामुलींना कामावर घेणाऱ्या सर्व मराठी उद्योजकांना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला करसल्लागार आहे. बावीस वर्षं लोकांची रिटर्न भरते. दुकानदार, डॉक्टर, द्राक्ष बागायतदार, शिक्षक अशी माझी अशिलं. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांत एक नवी रांग उभी राहिली आहे. घरातल्या घरात, एका खोलीत टेबल टाकून तुमच्यासाठी काम करणाऱ्या मुलामुलींची. त्यांच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. तुम्हाला दोष द्यायला नाही. तुमच्यापैकी बरेच जण आपल्या गावच्या मुलांना काम मिळावं या मनापासूनच्या इच्छेनं हे करता, ते मला माहीत आहे. पण ज्या पद्धतीनं त्यांचे पैसे येतात ती पद्धत चुकीची आहे, आणि ती चूक शेवटी त्यांच्या अंगावर येते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक मुलगी आली. सिन्नरची, नाशिकला सासर. चौथा महिना संपत आलेला. तिनं टेबलावर बारा इन्व्हॉइस मांडली, सगळी एकाच रकमेची, महिन्याच्या १ तारखेची. शेजारी करार. वर ठळक अक्षरात लिहिलेलं : इंडिपेंडंट काँट्रॅक्टर अ‍ॅग्रीमेंट. मी विचारलं, "कामाला किती वाजता बसतेस?" म्हणाली, "दुपारी दोन ते रात्री अकरा. साडेसहाला कॉल असतो, तो चुकवायचा नाही." लॅपटॉप? कंपनीचा. दुसऱ्या कुणाचं काम घेता येतं? करारात मनाई. रजा? सरांना विचारून. "मग तू कंत्राटदार कशी गं?" तर म्हणाली, "मॅडम, करारावर तसं लिहिलंय ना."

मग तिनं फोन पुढे केला. दिवस गेल्याचं तिनं सरांना कळवलं होतं. त्यांचं उत्तर मराठीत, आपुलकीचं होतं : "मनापासून अभिनंदन! तब्येतीला जप. हवी तेवढी रजा घे, फक्त त्या महिन्यांचं इन्व्हॉइस पाठवू नकोस."

ते वाक्य लिहिणारा माणूस वाईट नाही. त्याला खरोखर वाटतं की आपण उदारपणे वागलो. म्हणूनच मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मीही सिन्नरचीच. आमच्या गल्लीत दुपारी घराघरांच्या ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. टेंभुर्णीची पानं भिजवून कातरीनं कापायची, त्यात तंबाखू घालून विडी वळायची, दोऱ्यानं बांधायची. पान, तंबाखू, दोरा कारखान्याचा. हात आणि घर बाईचं. माझी आजी सकाळी स्वयंपाक उरकून बसली की दिवे लागेपर्यंत वळत असायची. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे त्या तपासून घेतल्या जायच्या, आणि ज्या पसंत पडायच्या नाहीत त्या छाट म्हणून बाजूला टाकल्या जायच्या. त्या छाटीचे पैसे नाहीत. घरून काम म्हणजे काय, हे आम्हा सिन्नरकरांना २०२० सालच्या टाळेबंदीनं शिकवलेलं नाही.

विडी कारखानदारांचं म्हणणं होतं की या बाया आमच्या कामगार नाहीतच. त्या आपल्या घरी बसतात, हव्या तेव्हा वळतात, घरच्यांचीही मदत घेतात, आम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवत नाही. मग पीएफ कसला? ही लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८५ साली न्यायालयानं निकाल दिला की घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली कर्मचारी आहे. कारण काय दिलं? तिचा माल पसंत-नापसंत करण्याचा हक्क मालकाकडे आहे. तेवढं नियंत्रण पुरेसं आहे, समोर बसून देखरेख करायची गरज नाही. त्याच्याही आधी, १९७३ साली, कापडामागे मजुरी घेणाऱ्या शिंप्यांच्या खटल्यात न्यायालय हेच म्हणालं होतं : शिवण उसवून पुन्हा घालायला सांगता येतं, म्हणजे नियंत्रण आहे.

आता तुमच्या टीमकडे बघा. मुलीनं लिहिलेला कोड तुमचा सीनियर तपासतो, शेरे मारून परत पाठवतो, ती रात्री दुरुस्त करते. माझ्या आजीच्या छाटीहून हे वेगळं कसं? उलट आजीवर तुमच्याइतका ताबा कुणाचाच नव्हता. तिला साडेसहाचा कॉल नव्हता.

आजीच्या नावावर पीएफचं खातं होतं. म्हातारपणी महिन्याला एक हजार रुपये पेन्शन यायची. फार नव्हते हो ते पैसे. पण ते तिचे होते, आणि ती बँकेत जाऊन स्वतःच्या सहीनं काढायची. या मुलीचंही पीएफ खातं आहे, पुण्यातल्या जुन्या नोकरीतलं. मी तिच्यासमोर पासबुक उघडलं. २०२१ च्या जूननंतर एकही नोंद नाही. त्याच जूनमध्ये ती तुमच्यातल्या एका कंपनीत गेली, आणि पगार दुप्पट झाला.

तुमच्याकडच्या अकाउंटंटनं तुम्हाला काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत असाल तर डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरून घ्यायला सांगितलं असेल. माणूस परदेशी आहे, काम परदेशात करतो, म्हणून इथे कर कापायचा नाही. बरोबर आहे. पण तो फॉर्म तुमच्या देशाच्या कर खात्यासाठी आहे. भारताच्या कायद्याशी त्याचा काही संबंध नाही. तो फाईलला लावला की सगळं कायदेशीर झालं, हा समज मी वारंवार ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण पुढचा निम्मा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

तो निम्मा प्रश्न असा. भारतात बसून केलेल्या नोकरीचा पगार हे भारतातलं उत्पन्न. पगार देणारा कुठेही असो, पगारावर टीडीएस कापायची जबाबदारी पगार देणाऱ्याची. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९२ हेच सांगत होतं, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला तरी जबाबदारी तीच आहे. यासाठी टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक लागतो, तिमाही विवरण लागतं, कर्मचाऱ्याला टीडीएसचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. इथे तुमचं ऑफिस नाही, एकच माणूस आहे, म्हणून यातून सुटका नाही.

आता मुलांच्या बाजूचंही खरं सांगते, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. कंत्राटदार म्हणवून घेणं त्यांनाही गोड लागतं. या मुलीला महिना सरासरी दोन लाख येतात, वर्षाला २४ लाख. व्यावसायिक म्हणून आयकर कायद्याच्या ४४ एडीए कलमाखाली निम्मी रक्कम उत्पन्न दाखवली की १२ लाख होतात, आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. तेच २४ लाख पगार म्हणून दाखवले तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन सेससकट २ लाख ९२ हजार ५०० रुपये कर. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना कोण पगारदार व्हायला जाईल? कोपऱ्याकोपऱ्यावरचा रिटर्नवाला त्यांना हाच सल्ला देतो. पण ४४ एडीए खऱ्या व्यावसायिकासाठी आहे. आयकर अधिकाऱ्यानं उद्या तो करार मागितला, रजेचे मेसेज, हजेरीचे कॉल, दुसरं काम न घेण्याची अट पाहिली, तर तो म्हणणार, बाई, हा तर पगार आहे. मग कर, व्याज, दंड. नोटीस कुणाच्या पत्त्यावर येणार? सिन्नर फाट्याच्या फ्लॅटवर. तुमच्या नाही.

शिवाय कंत्राटदार म्हटलं की जीएसटी आला. सेवेसाठी २० लाखांची मर्यादा, आणि हिचे २४. निर्यातीवर कर शून्य हे खरं, पण नोंदणी करून दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरलेलं असेल तर. हिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरदाराच्या कामाला जीएसटीच नाही. एका शब्दाच्या निवडीनं तुम्ही तिच्यावर एका अख्ख्या कायद्याचं ओझं टाकलंत, आणि तुम्हाला ते ठाऊकही नाही. बँकेची चिठ्ठीसुद्धा हेच बोलते. परदेशातून पैसे आले की त्याला उद्देशाचा कोड लागतो. हिच्या प्रत्येक चिठ्ठीवर पी ०८०२ आहे, म्हणजे सॉफ्टवेअर सल्ला. कर्मचाऱ्याच्या मोबदल्यासाठी वेगळा कोड आहे, पी १४०१. साठ-एक महिन्यांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर ती नोकरी करत नसल्याचं तिच्याच नावानं नोंदवलेलं.

याहून वाईट एक पद्धत मला दिसते, आणि ती खास आपल्या लोकांची आहे म्हणून जास्त टोचते. कंपनी तिकडे, टीम इकडे, आणि पैसे जातात वडिलांच्या बचत खात्यात. बँकेला सांगायचं, घरखर्चासाठी पाठवले. मग निवृत्त वडील महिन्याच्या एक तारखेला चष्मा लावून पाच-सात मुलांना यूपीआय करत बसतात. मुलांकडे परदेशी उत्पन्नाचा कागद नाही, पगाराची पावती नाही. आणि वडिलांच्या खात्यात महिन्याला दहा-बारा लाख येतात-जातात, ज्याचा हिशेब विचारला तर त्यांना देता येणार नाही. व्यवसायाचे पैसे घरखर्च म्हणून आणणं हा परकीय चलनाच्या कायद्याचा, म्हणजे फेमाचा, भंग आहे आणि त्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. आयुष्यभर सरकारी नोकरीत एक पैसा इकडचा तिकडे न केलेला एक बाप माझ्यासमोर बसून विचारत होता, "मॅडम, मी काही चुकीचं केलंय का?" कृपा करून हे आजच थांबवा.

तुमच्या स्वतःच्या फायद्याचंही सांगते. तुमच्या कंपनीची खरी मालमत्ता काय? कोड. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेलं काम, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचं. कंत्राटदारानं केलेलं काम मूळ त्याचं स्वतःचं, तुम्हाला ते लेखी हस्तांतरित करून घ्यावं लागतं. त्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या तुमच्या करारात ही दोन वाक्यं आहेत का, एकदा काढून बघा. उद्या कंपनी विकायला निघालात की समोरचा वकील पहिल्याच आठवड्यात हेच विचारेल.

आणि तुमचा इथला माणूस जर विक्री बघत असेल, तुमच्या वतीनं भाव ठरवून सौदे पक्के करत असेल, तर त्याच्यामुळे भारतात तुमच्या कंपनीचं कायम आस्थापन, म्हणजे करासाठी धंद्याचं पक्कं ठिकाण, आहे असं आयकर खातं म्हणू शकतं. मग त्या आस्थापनाच्या वाट्याच्या नफ्यावर परदेशी कंपनीचा दर, म्हणजे ३५ टक्के अधिक अधिभार आणि सेस. कोड लिहिणाऱ्या एकट्या मुलामुळे हा धोका कमी, विक्रीवाल्यामुळे जास्त.

मग करायचं काय? टीम पंधरा-वीसच्या पुढे जाणार असेल तर इथे स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड काढा. सॉफ्टवेअरमध्ये शंभर टक्के परदेशी भांडवलाला आगाऊ परवानगी लागत नाही. दोन भागधारक, दोन संचालक, त्यांतला एक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा. उलाढाल कितीही असो, ऑडिट दर वर्षी. इथली कंपनी तुमच्या मूळ कंपनीला खर्च अधिक नफा असं बिल लावणार आणि तो नफा वाजवी आहे हे सनदी लेखापालाच्या अहवालानं दाखवावं लागणार. निवासी संचालक म्हणून वडिलांचंच नाव घालणार असाल तर ते कशावर सही करताहेत हे त्यांना बसून समजावून सांगा.

दोन, चार, आठ माणसं असतील तर एवढा संसार मांडायची गरज नाही. एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणून काम करणाऱ्या कंपन्या आहेत. कागदोपत्री मालक त्या. नेमणूकपत्र, पगारपत्रक, टीडीएस, पीएफ, व्यवसाय कर सगळं त्या बघतात. काम तुमचं, आणि तुम्ही त्यांना पगार अधिक माणशी ठराविक फी देता. मला विचाराल तर लहान टीमसाठी हाच सरळ रस्ता. फक्त कोडची मालकी त्या कंपनीकडून तुमच्याकडे येते आहे का, आणि नोकरी संपल्यावर ग्रॅच्युइटी कोण देणार, हे दोन मुद्दे करारात बोट ठेवून वाचा.

खरा कंत्राटदार असेल त्याला जरूर कंत्राटदार म्हणा. इचलकरंजीत बसून चार देशांतल्या चौदा जणांसाठी लोगो करणारा मुलगा स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या भावानं काम करतो. त्याला नोकरीचा कागद देऊ केलात तर तोच नको म्हणेल.

खर्चाचं म्हणाल तर दोन लाखांच्या पगारात मूळ वेतन एक लाख धरू. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर भरला तर तुमचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. विमा आणि प्रशासन खर्चाचे दीडशे. त्या विम्यात, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिन्याला बाजूला ठेवायचे सुमारे ४,८०० रुपये. सगळं मिळून सात हजारांच्या आत. पाच वर्षांनी त्या ग्रॅच्युइटीचे २ लाख ८८ हजार होतात.

कायद्याचा काटेकोर हिशेब मांडणारा वाचक इथे मला थांबवेल, आणि ते योग्यच आहे. पीएफला २० माणसांची मर्यादा आहे, ग्रॅच्युइटी आणि प्रसूती लाभाला १० ची. १५ हजारांच्या वर पगार असलेल्या आणि आधी कधीच पीएफ नसलेल्या नव्या माणसाला वगळताही येतं. तुमचे इथे सहाच जण असतील तर यातलं बरंच तुम्हाला थेट लागू होणार नाही. पण एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डच्या पटावर शेकडो माणसं असतात, तिथे गेल्यावर ते सगळं लागू होतं, आणि ते व्हावं असंच माझं म्हणणं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे आणि मुदतीच्या नोकरीवर घेतलेल्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

बदल करताना एक गोष्ट मोकळेपणानं बोला. कंत्राटदाराचा कर्मचारी झाला की त्याच्या हातात येणारी रक्कम कमी होते. वर सांगितलेले २ लाख ९२ हजार त्याला दिसणारच. त्याच्याशी आधी बसून बोला, जमलं तर पगारात थोडी भर घाला, आणि नेमणूकपत्रात त्यानं तुमच्याकडे काम सुरू केल्याची खरी तारीख मान्य करा. पाच वर्षं राबलेल्या मुलीला "आजपासून रुजू" असं पत्र देऊ नका.

हे पत्र वाचणाऱ्यांत तिचे सरही असतील. सर, तिला प्रसूतीची सप्टेंबरच्या अखेरची तारीख दिली आहे. २६ आठवड्यांच्या पगारी रजेसाठी त्या तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरावं लागतं. १ जूनला तिची नेमणूक झाली तर शनिवार-रविवार वजा करूनही ते जेमतेम भरतात. १ जुलैला झाली तर भरत नाहीत. तिची कागदपत्रं माझ्याकडे तयार आहेत : पॅन, आधार, जुना पीएफ क्रमांक, बँकेचा तपशील. तुम्ही कंपनी निवडून कळवा, मी त्याच दिवशी पाठवते.

कळावे,
आपली,
नाशिकची एक करसल्लागार